चौघांचे म्हणणे आणि पाचव्याचे

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निबंध वाचला. सेमिनार डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा; विषय भारतातील जातींची यंत्रणा, त्यांचा उगम आणि वाढ; वाचणारे भीमराव रामजी आंबेडकर. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली तिथे गेले होते आणि त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. म्हणजे मानवशास्त्राच्या वर्गात ते तसे शेजारच्या आळीतले. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या मालेत, पहिल्या खंडात, तो सुमारे वीस पानांचा आहे.

निबंधातल्या विचाराची चर्चा शंभर वर्षे चालू आहे. मला तो इथे त्याच्या बांधणीसाठी हवा आहे. एमएच्या किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याला अभ्यासपूर्ण लेखन कसे उभे राहते हे दाखवायचे, तर मराठी माणसाने विद्यार्थिदशेत लिहिलेला याहून चांगला नमुना मला माहीत नाही. शिवाय तो मुळात चारचौघांसमोर वाचण्यासाठी लिहिला होता. लेखन आणि सादरीकरण या आपल्याकडे दोन वेगळ्या कार्यशाळांमध्ये शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी तिथे एकाच टेबलावर होत्या.

हे आत्ताच सांगण्याचे कारण आहे. प्रबंध लिहिणे ही आजवर पीएचडीवाल्यांची आणि काही प्रमाणात एमए, एमएस्सीवाल्यांची डोकेदुखी होती. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीने ती खाली आणली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध किंवा प्रकल्प असतो. एकवीस वर्षांची मुले आता ‘चॅप्टरायझेशन’ करणार. बारावीपर्यंत अपेक्षित प्रश्नसंच आणि बीएला नोट्स, एवढ्या शिदोरीवर.

त्यांच्या हाती जे पडते ते बहुधा साचा असतो. डावा समास एवढा, ओळींमधले अंतर एवढे, प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष आणि शिफारशी. साच्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. विज्ञानातल्या शोधनिबंधांचा प्रस्तावना–पद्धती–निष्पत्ती–चर्चा हा क्रम विसाव्या शतकात सगळीकडे रुळला, कारण वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट चटकन सापडते. पण कोणती गोष्ट कुठे लिहायची एवढेच साचा सांगतो. लिहिण्यासारखे काही आहे का, हे तो विचारत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरेही कोणी विचारत नाही.

आंबेडकरांच्या निबंधाकडे वळू. सुरुवात ते श्रोत्यांपासून करतात. समोर बसलेल्या बहुतेकांनी भारत पाहिलेला नाही हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून प्रदर्शनात मांडलेल्या वस्तू, पॉम्पेईचे अवशेष दाखवणारे वाटाडे अशा ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या गोष्टींपासून ते माणसांच्या संस्थांचेही असे प्रदर्शन मांडता येते इथवर येतात. मग विषय किती अवघड आहे हे कबूल करतात. आपल्याहून कुशाग्र आणि अधिकारी माणसांनी त्यावर डोके खपवले तरी उलगडा झालेला नाही, असे म्हणतात. आणि लगेच हद्द आखतात: उगम, यंत्रणा आणि प्रसार एवढेच बोलणार, बाकीचे लागेल तेवढेच. आपल्याकडच्या प्रबंधांत विषयाची व्याप्ती आणि मर्यादा असे स्वतंत्र मथळ्याखाली जे दोन परिच्छेद असतात, ते बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात लिहिलेले असतात. इथे ती हद्द पहिल्या काही मिनिटांतच ठरते आणि पुढे पाळलीही जाते.

मग येतो सगळ्यात शिकण्यासारखा भाग. जात म्हणजे काय, याच्या चार व्याख्या ते समोर ठेवतात. एक फ्रेंच पंडित एमिल सेनार यांची. दुसरी नेसफिल्ड यांची. आपल्या आजोबा-पणजोबांनी इंग्रजी व्याकरण ज्यांच्या पुस्तकातून घोकले, तेच हे नेसफिल्ड, आणि जातिव्यवस्थेवरही त्यांनी लिहिले होते. तिसरी १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त सर हर्बर्ट रिस्ली यांची. चौथी श्रीधर व्यंकटेश केतकरांची, म्हणजे पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा करणाऱ्या केतकरांची; अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते आणि ते १९०९ साली प्रसिद्ध झाले होते.

या चौघांचे आंबेडकर काय करतात ते पाहण्यासारखे आहे. आधी केतकर सोडून बाकी तिघांना मिळून एक आक्षेप: यांनी जात सुटी धरून व्याख्या केली, पण जात एकटी असूच शकत नाही, ती अनेक जातींच्या व्यवस्थेतच असते. त्याच दमात थोडे श्रेयही: एकाने जे झाकले ते दुसऱ्याने उघडे केले, त्यामुळे एकत्र वाचल्या तर या व्याख्या एकमेकींना पूरक ठरतात. मग एकेकाकडे वळतात. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात; ती पौरोहित्यातल्या कर्मकांडातून आलेली आहे आणि जातीचे अंगभूत लक्षण नव्हे. नेसफिल्ड बाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसणे हे लक्षण धरतात. त्यांनी परिणामालाच कारण समजले. रिस्ली? त्यांच्याकडे दखल घ्यावी असे नवे काही नाही, एका वाक्यात निकाल. भारताच्या जनगणनेचा प्रमुख राहिलेल्या माणसाबद्दल पंचविशीतला विद्यार्थी हे म्हणतो, आणि आवाज न चढवता म्हणतो. केतकरांचे मात्र मोकळे कौतुक. त्यांनी जातीची व्याख्या व्यवस्थेच्या संदर्भात केली आणि नेमकी दोन लक्षणे पकडली: बाहेर लग्न करायला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व. पण ही दोन आहेत कुठे, असे आंबेडकर विचारतात. बाहेर लग्न बंद केले की आत जन्मलेलेच तेवढे सदस्य उरतात. एकाच नाण्याच्या या दोन बाजू. म्हणजे जातीचे खास असे लक्षण एकच राहते: जातीतच लग्न.

पाचवे म्हणणे इथे जन्माला येते. ते आभाळातून पडलेले नाही. चौथ्याच्या सगळ्यात जवळ जाऊन, त्याने जिथे दोन पाहिले तिथे एक पाहून, ते आले आहे. आधीच्या साहित्याचा आढावा घ्यायचा तो यासाठी.

आता एखादा सरासरी प्रबंध उघडा आणि त्यातले दुसरे प्रकरण वाचा. अमुक (२००९) यांनी तमुक जिल्ह्यातील शंभर महिलांचा अभ्यास केला व असा निष्कर्ष काढला. ढमुक (२०१४) यांनी तसा. असे चाळीस परिच्छेद, सालवार लावलेले. कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणाची आकडेवारी कुठे कमी पडते, काहीच कळत नाही, आणि चाळिसाव्या परिच्छेदानंतर अचानक एक वाक्य येते की या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही. झालेले नाही तर हे चाळीस जण काय करत होते? विद्यार्थ्याला दोष देऊन उपयोग नाही. मतभेद लिहिण्याची त्याला सवयच नाही. मोठ्या माणसाचे म्हणणे आदराने उतरवून घ्यायचे, हा त्याचा शाळेपासूनचा अभ्यास. एखादे गाजलेले नाव चुकले असे लिहिताना त्याची लेखणी अडखळते, आणि मग सगळेच बरोबर ठरतात. ही कोंडी फुटते ती बहुधा अगदी साध्या व्यायामाने: दोनच लेख घ्या, कितीही छोटे, आणि एका पानात लिहा की ते कुठे एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणात तुम्हाला कोणाचे पटते. चाळीस सारांशांपेक्षा हे एक पान लिहायला जास्त वेळ लागतो, हे विद्यार्थ्यांना लिहायला बसल्यावरच कळते.

मतभेद नसलेल्या लेखनाचा दुसरा परिणाम म्हणजे नक्कल. ज्याला स्वतःचे काही म्हणायचे नाही त्याने दुसऱ्याची वाक्ये उचलली तर नवल काय? आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादर करायला बंदी, ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे किंवा सर्वसामान्य माहितीतले साम्य यातून वगळले आहे. पुढे २०१९ मध्ये संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएचडीसाठी सक्तीचा झाला आणि साम्य तपासणारी प्रणाली ‘शोधशुद्धी’ या योजनेखाली विद्यापीठांना मिळू लागली.

नियम हवेतच. पण महाविद्यालयांच्या आवारात त्यांचे झाले काय, तर ‘किती टक्के आले?’ हा प्रबंधाविषयीचा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा प्रश्न झाला. टक्केवारी शब्दांची जुळणी मोजते. दुसऱ्याचा अख्खा युक्तिवाद शब्द बदलून उचलला तर ती शांत बसते, आणि एखाद्या कायद्याच्या विद्यार्थ्याने ठरलेली परिभाषा जशीच्या तशी वापरली तर ती लाल होऊ शकते. मग झेरॉक्सच्या दुकानांच्या आसपास ‘प्लेजिअरिझम काढून देऊ’ असे सांगणारी माणसे उभी राहतात. वाक्ये फिरवून देणारी साधने आली, आणि २०२२ च्या अखेरीपासून तर चॅटजीपीटीकडून प्रत्येक वाक्य नव्याने लिहून मिळते, एकही चौदा शब्दांची माळ न जुळता. याउलट, केतकरांची दोन लक्षणे खरे तर एकच आहेत, हे आंबेडकरांचे म्हणणे केतकरांचे पुस्तक वाचल्याशिवाय सुचणार नाही, आणि सुचले तर ते चोरण्याचे कारणच उरणार नाही. नकलेवरचा खरा उपाय मला तरी इथे दिसतो. टक्केवारी कमी करण्याच्या व्याख्यानात दिसत नाही.

निबंधाचा पुढचा भाग यंत्रणेचा. जातीतच लग्न हे लक्षण ठरले. मग ते टिकते कसे? आंबेडकर इथे ग्रंथांतले दाखले गोळा करत बसत नाहीत. एक कल्पित गट घेतात, ज्याला स्वतःभोवती भिंत घालायची आहे. लग्ने आतच व्हायची तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष संख्येने सारखे हवेत. पण नवरा आधी मरतो किंवा बायको आधी मरते, आणि एक माणूस जास्तीचा होतो. जास्तीची स्त्री गटाबाहेर लग्न करील किंवा आत लग्न करून दुसरीचा वाटा घेईल. तिचे करायचे काय? एक, तिला नवऱ्याबरोबर जाळायचे. दोन, तिच्यावर आजन्म वैधव्य लादायचे. जास्तीच्या पुरुषाला जाळता येत नाही, कारण सत्ता त्याच्या हाती आहे. त्याच्यावर ब्रह्मचर्य लादणेही गटाला परवडत नाही. म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून बायको आणायची. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह: तीन वेगळ्या वाटणाऱ्या रूढी एकाच हिशेबातून बाहेर पडतात.

तर्काचा हा टप्पा प्रत्येक विद्याशाखेच्या विद्यार्थ्याने हळू वाचावा. आधी एक साधे गृहीतक, मग त्यातून निघणारी अडचण, मग त्या अडचणीवर शक्य असलेले सगळे मार्ग, आणि कोणता का टिकत नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी मानवशास्त्राच्या वर्गात आला याचा फायदा इथे झाला असावा असे मला वाटते. ही मांडणी आकडेमोड करणाऱ्याची आहे. या रूढींचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत, पण त्या का सुरू झाल्या हे ते सांगत नाहीत, असेही आंबेडकर बजावतात. रूढीचा गौरव आणि रूढीचे कारण या दोन प्रश्नांची गल्लत आजही कितीतरी प्रबंधांत सापडते.

आणि आक्षेप? ते स्वतःच आणतात. वेगवेगळे वंश एकमेकांत लग्न करत नाहीत हे स्वाभाविकच आहे, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतले गोरे, काळे आणि मूळ रहिवासी हे त्याचे उदाहरण. श्रोते अमेरिकन, उदाहरण त्यांच्या अंगणातले. मग ते सांगतात की भारतात हे लागू नाही, कारण तिथे वंशांची सरमिसळ आधीच होऊन गेली आहे आणि संस्कृती एकजिनसी आहे. एकसंध समाजाचे तुकडे पाडणे ही तिथली गोष्ट. समोरच्याच्या मनात येणारी शंका त्याच्या तोंडून बाहेर पडण्याआधी आपण मांडायची, आणि कमकुवत करून नव्हे तर नीट मांडायची. व्हायव्हाच्या तयारीला याहून चांगला धडा नाही.

शेवटी ते म्हणतात की हे अंतिम आहे असा माझा दावा नाही. गाडी चुकीच्या रुळावर गेली होती, मला योग्य वाटणारी दिशा दाखवली. भावनेला यात थारा नको. आणि कोणी तर्काने माझे मत खोडले तर मला आनंदच होईल. ज्याच्या जगण्यावर जातीने रोज घाव घातले, त्या माणसाने जातीवरच्या निबंधात भावना बाजूला ठेवायला सांगणे, याचे वजन त्या वर्गातल्या किती जणांना कळले असेल कुणास ठाऊक.

असा निबंध एका विशिष्ट व्यवस्थेत लिहिला जातो. सेमिनार ही मूळची जर्मन विद्यापीठांची रीत. एकोणिसाव्या शतकात बर्लिनला रांके यांच्याकडे इतिहासाचे विद्यार्थी कागदपत्रांवर घासाघीस करायला जमत. १८७६ साली स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ती पद्धत अमेरिकेत रुजवली. मोजकी माणसे, एक वाचणार, बाकीचे तुटून पडणार. आपल्याकडे सेमिनार म्हटले की दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि उशीर झाल्याने पाच मिनिटांत गुंडाळलेले शोधनिबंधवाचन डोळ्यांसमोर येते. प्रमाणपत्र मात्र हमखास. अपवाद आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा त्यांतला एक. तिथे पदवीचे विद्यार्थीसुद्धा आपल्या पोस्टरशेजारी उभे राहून परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देतात, आणि पोस्टरवर नसलेलेच नेमके विचारले जाते. २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. ही बैठक सह्या गोळा करण्याची ठरते की सेमिनारची, हे सर्वस्वी त्या तीन-चार माणसांवर अवलंबून.

सादरीकरणाचा विचार आता बहुतेक स्लाइडांपाशी येऊन थांबतो, म्हणून तिथेही थोडे थांबू. जानेवारी २००३ मध्ये ‘कोलंबिया’ यानाच्या उड्डाणावेळी फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज नासाला स्लाइडांवर मांडला. एका महत्त्वाच्या स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. खाली मुद्दे, पोटमुद्दे, त्यांचे पोटमुद्दे. आणि सगळ्यात तळाला, बारीक अक्षरांत, ही माहिती की चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे चाचण्यांवरून काहीच सांगता येत नव्हते. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले, कल्पना चावलांसह सातही जण गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची केलेली चिरफाड अपघात चौकशी मंडळाने आपल्या अहवालात घेतली. स्लाइडने यान पाडले असे कोणी म्हणणार नाही. पण सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यात लहान अक्षरांत जाते, ती मांडणाऱ्याने आपले मुख्य म्हणणे ठरवलेले नसते म्हणून.

ते ठरवायला लावणारी एक युक्ती ऑस्ट्रेलियातून आली. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली ‘थ्री मिनिट थीसिस’ स्पर्धा सुरू केली: तीन मिनिटे, एकच स्थिर स्लाइड, हातात काही नाही. तेव्हा तिथे दुष्काळ होता. पाणी वाचवण्यासाठी लोकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ लावले होते, त्यावरून ही कल्पना सुचली. भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘अवसर’ योजना लेखनातून तेच साधू पाहते: पीएचडी करणाऱ्यांनी आपले संशोधन सामान्य वाचकाला कळेल असे लिहायचे. प्रयोग म्हणून आपले संशोधन घरच्या भाषेत, घरातल्या माणसाला, तीन मिनिटांत सांगून पाहावे. ‘प्रस्तुत संशोधकाच्या मते असे निदर्शनास आले आहे’ हे वाक्य आईसमोर तोंडातून निघतच नाही.

आंबेडकरांचे पुढचे विद्यार्थिजीवन सरळ गेले नाही, आणि तेही या विषयाचाच भाग आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. मार्च १९२३ मध्ये तो अडकला. त्यांनी तो सुधारून ऑगस्टमध्ये पुन्हा दिला आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी तो पुस्तकरूपाने काढला. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी कडक तपासणी करून आपल्याला अनेक चुकांपासून वाचवले, असे आंबेडकरांनी त्यात नोंदवले आहे. आणि त्याच पुस्तकाला लिहिलेल्या प्रस्तावनेत कॅनन उघड सांगतात की रुपयाच्या सुवर्णविनिमय पद्धतीला या विद्यार्थ्याचा जो विरोध आहे तो मला मान्य नाही, त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. पण काही घाव त्याने अगदी वर्मी घातले आहेत, आणि जिथे तो मला साफ चुकलेला वाटला तिथेही त्याच्या विचारांत ताजेपणा आहे.